चाचणीपुरती नोंद

२ डिसेंबर २०२४
धनजहून निघालेली स्वारी एकदाची रुजू झाली. किन्हीराजाच्या पुढे, थोडं आत, गावाच्या टोकाला हा गुरांचा दवाखाना. दोन खोल्या, अंगणात लिंब आणि गुरं धरायचा लोखंडी खोडा. डॉक्टर सुकेशनी मॅडम कडक आहेत, पण मनाच्या मोकळ्या. परिचर जगदेवभाऊंनी आल्या आल्या चहा पाजला आणि बजावलं की संगणक सोडून कशालाही हात लावायचा नाही, इथले बैल लाथाडतात. इथं प्रत्येक जनावराच्या कानात नंबरचा पिवळा बिल्ला असतो, आणि त्या नंबरावर सर्व्हरमध्ये मालक, रंग, वय, खूण अशी नोंद. त्या नोंदींच्या छापील याद्या काढायचं काम माझं. निकिताला फोन करून हे सगळं सांगितलं. लग्नाला जेमतेम सहा महिने झालेत. खोली मिळाली की तिला इकडे आणायचं, असे मनात मांडे खातो आहे.

४ डिसेंबर
जुनी यादी छापली की शेवटचा रकाना कागदाबाहेर जायचा आणि मॅडम तो हाताने लिहीत बसायच्या. आज दिवसभर डोकं लावून ते बसवलं. वर दवाखान्याचं नाव, प्रत्येक पानावर रकान्यांची शीर्षकं, शेवटी बेरीज, सहीला जागा. तपासायला एक खोटी नोंद केली. डब्यातल्या एका न वापरलेल्या बिल्ल्याचा नंबर, मालक म्हणून यादीतला पहिलाच शेतकरी देवमन, प्रकार बैल, रंग सावळा, वय सत्तावीस, खूण डाव्या भुवईवर जुना व्रण. म्हणजे मीच की! पान इतकं सुबक निघालं की जगदेवभाऊ आणि मी पोट धरून हसलो. नोंद उद्या काढून टाकीन.

५ डिसेंबर
काढायची राहिली. मी पोचायच्या आत मॅडमनी यादी छापून, सही-शिक्का करून वर पाठवलीसुद्धा. पुसायला गेलो तर कळलं, सही झालेलं जनावर यादीतून दोनच कारणांनी निघतं: मृत किंवा विक्री. तिसरा पर्यायच नाही. मॅडमसमोर चूक कबूल केली. बऱ्याच बोलल्या, मग म्हणाल्या की दुरुस्ती मागवू, आठवडा जाईल. माझी मलाच लाज वाटली. डावा कान सारखा खाजतो आहे.

९ डिसेंबर
सकाळी उठलो तर कानात पिवळा बिल्ला. नंबर तोच. रक्त नाही, दुखत नाही, निघतही नाही. तसाच धावत दवाखान्यात गेलो. मॅडमनी नंबर वाचला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि जगदेवभाऊंना विचारलं, हा कुणाचा आत शिरला. मला वाटलं, माझी फिरकी घेताहेत. मग जगदेवभाऊंनी काठी उचलली. मी त्यांना नावाने हाका मारत होतो.

१० डिसेंबर
आरशात मीच आहे. दोन हात, दोन पाय, निळा शर्ट. निकिताला फोन लावला, सगळं सांगितलं, रडलो. ती नुसती हॅलो हॅलो करत राहिली. मग तिकडे कुणाला तरी म्हणाली, "कोनी बोलूनच नाही राह्यलं, नुसता बैल हंबरून राह्यला." आणि फोन ठेवला.

११ डिसेंबर
मॅडम जेवायला गेल्यावर आत शिरलो. नोंद उघडली. वय सत्तावीस लिहिलं होतं, तिथे सहा आहे. मी बदललेलं नाही. खाली तेच दोन पर्याय. मृत वर बोट ठेवलं आणि मागे घेतलं. हिंमत होत नाही. पाऊल वाजलं म्हणून मॅडमचं पेन उचलून पळालो, माझं संपलं आहे. ही वही खिशात आहे, तेवढी तरी राहू दे.

१२ डिसेंबर
देवमन आला. तुझ्या नावावर एक बैल जास्त दिसतो, असं मॅडमनी त्याला कळवलं होतं. त्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली, दात पाहिले. "यादीत हाये त मंग आपलाच हाये," म्हणाला. मी ओरडलो, हात जोडले. गळ्यात दावं आलं. माणूस वाईट नाही. तुरीचं कुटार टाकलं, पाणी दाखवलं. मी खाल्लं नाही.

१३ डिसेंबर
खाल्लं. बोटं चिकटल्यासारखी — पेन मुठीत धरून — उद्या बाजारात नेणार आहे.

१४ डिसेंबर
विकायचं तर दवाखान्याचा दाखला लागतो, म्हणून आधी इथे आणलं. खोड्याला बांधलं आहे.
ओट्यावर निकिता. मांडीवर डबा. जगदेवभाऊ तिला सांगताहेत, तो पोरगा सोमवारपासून आलाच नाही.
मी हाक मारली. ती आली. भ्याली नाही. भुवईवरून हात फिरवला, देवमनला म्हणाली, "आमच्या ह्यांच्या भुवईवरबी अशीच खूण हाये."
मग डबा उघडला. माझ्यासाठी आणलेली भाकर मोडून पुढे धरली.
दोन्ही हात मोकळे होते माझे. तरी तोंडाने — तिच्या तळहातावरून —
"गरीब हाये बिचारा," म्हणाली, आणि मला शोधायला गावात गेली.
आत छपाई सुरू झाली. पान बाहेर आलं. माझंच. विक्री. आता फक्त सही.
मॅडम पेन शोधताहेत. पेन माझ्याकडे आहे. निकिता परत येईपर्यंत सही होऊ द्यायची नाही, बस.
जगदेवभाऊ वाकून माझ्या पायाशी बघताहेत. हात पुढे — मी हे सोडणार ना