इलावोदला जाणारं खोकं

१५ सप्टेंबर, रविवार

कोंबडीखाली आईचा कोट आहे. मी स्वतः बघितला.

सकाळी मारिव्हिक, बाबांची नवी बायको, तिच्या आईशी व्हिडिओवर बोलत होती. मी नुसतं पाणी घ्यायला किचनमध्ये गेले होते. तिने फोन माझ्याकडे वळवला - नानायला हाय कर! नानाय म्हणजे तिची आई. मी हात हलवला. नानायच्या मागे एक टोपली होती, टोपलीत कोंबडी अंड्यांवर बसलेली. आणि तिच्याखाली निळं. डाव्या खिशावर लाल दोऱ्याची शिवण. ती मी घातली होती. निळा दोरा संपला होता म्हणून.

नेदरलँड्समधल्या पहिल्या हिवाळ्यात आईने घेतला होता तो. शेवटी हॉस्पिटलमध्ये पायांवर घ्यायची.

बाबांना विचारलं. लॅपटॉपमधून मान वर नाही. "अगं, मागच्या वर्षी वरची खोली साफ केली ना, तेव्हा गेला असेल मारिव्हिक गावी पाठवते त्या खोक्यात. जुना झाला होता. कुणाच्या तरी कामाला आला."

कोंबडीच्या.

तिथे, फिलिपिन्समध्ये, थंडीसुद्धा पडत नाही.

१६ सप्टेंबर

आज कुणाशी बोलले नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही - मी तशीही बोलत नाही.

१८ सप्टेंबर

मराठीत लिहिते कारण मारिव्हिकला वाचता येत नाही. बाबांना येतं, पण ते माझ्या टेबलाकडे बघत नाहीत. मी शाळा सोडली तेव्हापासून तर नाहीच. वर्गात उभं राहून डचमध्ये बोलायचं म्हटलं की माझा गळाच बंद व्हायचा, आई गेल्यावर तर पूर्ण. आता सुपरमार्केटमध्ये रॅक भरते. दुधाचे पॅक काही विचारत नाहीत.

आज ब्रेकमध्ये मारिव्हिकचं गाव शोधलं. लिनावान. गाव नाही, म्युनिसिपालिटी. एका बेटावर, एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र, मधून नदी. खाली चौदा बारांगायची नावं. बारांगाय म्हणजे आपल्या वॉर्डासारखं.

आणि वर लिहिलंय - फोर्थ क्लास म्युनिसिपालिटी. तिकडचं सरकार कमाईवरून गावांना क्लास देतं. मी तीनदा वाचलं. फोर्थ क्लास. सरकारच म्हणतंय, मी नाही.

दिवसभर बरं वाटत होतं.

२२ सप्टेंबर, रविवार

हॉलमध्ये नवीन खोकं. माझ्या कमरेएवढं. जहाजाने जातं, म्हणून ख्रिसमससाठी आत्ताच भरायचं. बुटाच्या आत साबण, साबणांच्या मधे चॉकलेट, टॉवेलच्या गुंडाळीत कॉफी. एक बोटभर जागा रिकामी ठेवत नाही. मग वर बसून बंद करायचं. बाबाही बसले! दोघं खोक्यावर, हसत. आईबरोबर ते सूटकेसवर कधी बसले होते का, मला आठवत नाही.

बाबा म्हणाले, "मारिव्हिकमावशीला जरा मदत कर." मावशी म्हणजे आईची बहीण. ही बाबांच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये सूप वाढायची.

टेप कापून देत होते. ती एकटीच बोलत होती, तिच्या त्या गाणं म्हटल्यासारख्या इंग्लिशमध्ये. लिनावानमध्ये नदीच्या वरच्या अंगाला इलाया, खाली समुद्राकडे इलावोद. ही इलावोदची. आधी सगळं इलावोदमध्ये होतं - चर्च, बाजार, म्युनिसिपालिटीचं ऑफिस. मग तिचे आजोबा तरुण असताना मोठा पूर आला. ऑफिसवाले म्हणाले, हे खाली सारखं बुडणार, आणि सगळं उचलून वर इलायाला नेलं. कागद, खुर्च्या, डॉक्टर, सगळं. चर्चची घंटा न्यायला आले तेव्हा इलावोदच्या बायका घंटेखाली झोपून राहिल्या. घंटा राहिली. तेव्हापासून दोन जत्रा होतात. इलायाचे लोक इलावोदला चिखल खाणारे म्हणतात.

"आणि तुम्ही त्यांना काय म्हणता?" मी विचारलं. स्वतःहून! तिचा हात थांबला.

"त्यांचं नाव आमच्या घरात घेत नाहीत," म्हणाली. आणि टेप ओढायला लागली.

हे खोकं चोवीस डिसेंबरला चर्चहून आल्यावर अख्ख्या गल्लीसमोर उघडतात. प्रत्येक घराला काहीतरी मिळतं, निदान एक साबण. ज्याचं खोकं येत नाही त्याला लोक म्हणतात, तुमची पोरगी तुम्हाला विसरली.

म्हणजे तिला कुठे लागतं ते मला आज कळलं.

२४ सप्टेंबर

पुण्याहून मंजूषाआत्याचा फोन. "काय गं, ती तुमची फिलिपिनो नारळ घालते म्हणे सगळ्यात? मग कोकणातलीच म्हणायची!" स्वतःच हसली. मग आवाज बारीक करून, "तुला त्रास नाही ना देत?"

मी म्हटलं, नाही.

खरंच नाही देत. डबा देते. रेनकोट वाळत घालते. मला 'आनाक' म्हणते, म्हणजे लेकरू. त्रास दिला असता तर सोपं झालं असतं.

२८ सप्टेंबर

झालं.

पत्ता मीच लिहिला. तिनेच सांगितलं - तुझं अक्षर सुंदर आहे, माझं मुंग्यांसारखं. जाड मार्कर, मोठी अक्षरं, चारही बाजूंना. तिथे घरांना नंबर नसतात. नाव, बारांगाय आणि खूण - चॅपलच्या मागे. इलायातही चॅपल आहे. मॅपवर झूम करून बघितलं, निळ्या पत्र्याचं.

ती बेकरीत गेली होती. मी इलावोदच्या जागी इलाया लिहिलं. चारही बाजूंना. नानायचं नाव आणि फोन नंबर लिहिलेच नाहीत. पाठवणाऱ्याचं नाव मात्र नीट - मारिव्हिक, पूर्ण नाव, तिचं तिकडचं आडनाव. बघू देत इलायाला कुणाचा माल आहे ते.

व्हॅनवाला अर्ध्या तासात आला. फिलिपिनोच होता. मारिव्हिक धावत आली, त्याला ब्रेड दिला, खोक्यावर हात ठेवून डोळे मिटले. पत्ता वाचलाच नाही. माझ्यावर सोडला होता ना.



१३ ऑक्टोबर

लिनावानचं सगळं वाचून झालं. जहाज कुठे पोचलं असेल ते बघत बसते, आणि मग परत गावच वाचते. शाळेत भूगोल मला कधीच आवडला नाही, पण हा माझ्या शत्रूचा भूगोल आहे.

नदी डोंगरातून निघते, तीन ठिकाणी वळते, शेवटच्या वळणावर इलावोद. पूल एकच. स्पॅनिश पाद्र्याने चर्च बांधलं ते समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडांचं. भूकंपात त्याचा मनोरा पडला. जपान्यांनी बाजार जाळला. पुरात ऑफिस गेलं. दर वेळी काहीतरी जातंच, आणि हे लोक परत तिथेच राहतात. मूर्ख आहेत.

जेवताना मारिव्हिक पुराबद्दल सांगत होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं - "पण मनोरा भूकंपात पडला ना, पुरात नाही?"

मारिव्हिकचा चमचा हातात तसाच. मग तिचे डोळे भरले. बाबांना म्हणाली, बघितलंस, हिने माझं गाव वाचलं! बाबा माझ्याकडे असे बघायला लागले जसे शाळेचा रिझल्ट आलाय.

मी उठून वर आले. मला तिची दया यायला नकोय.

२ नोव्हेंबर

आज कबरींचा दिवस असतो त्यांच्याकडे. तिने खिडकीत मेणबत्ती लावली. एक तिच्या वडिलांची. शेजारी दुसरी. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या आईसाठी. चालेल ना?"

कोंबडीखाली घालायचा आणि वर मेणबत्ती.

पण विझवली नाही. तेवढं मान्य.

७ डिसेंबर

शेजारणीचं खोकं पोचलं. मारिव्हिकच्या बहिणीच्या जावेचं पोचलं. एकाच जहाजातली होती. नानायचं नाही.

कंपनीला फोन केला. ते म्हणाले डिलिव्हर्ड. ती म्हणते कुठे? ते म्हणतात पत्त्यावर. तिने पत्ता सांगितला - इलावोद. समोरच्याने काय सांगितलं ऐकू आलं नाही, पण ती म्हणाली, नाही नाही, असं होणारच नाही, माझ्या मुलीने लिहिलंय.

माझ्या मुलीने.

१५ डिसेंबर

नानायने फोन उचलला पण कॅमेरा छताकडे ठेवला. नुसते वासे दिसत होते. भांडणच. मला त्यांची भाषा येत नाही पण सूर सगळीकडे सारखाच असतो. नंतर बाबांनी सांगितलं - नानाय म्हणते, तू पाठवलंच नाहीस, नवऱ्याच्या घरी मजेत आहेस, गल्लीत मला तोंड दाखवायला जागा नाही.

मारिव्हिक जेवली नाही. सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

जिवाला गार वाटलं. मी लिहून ठेवते म्हणजे नंतर खोटं बोलता येणार नाही. खूप गार वाटलं. आईच्या वस्तूसाठी कुणी असं पडलं नव्हतं सोफ्यावर. मी पण नाही. मला जमलंच नाही. आता कुणीतरी पडलं.

२१ डिसेंबर, शनिवार

खोकं सापडलं.

सकाळी अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल. मारिव्हिक भांडी घासत होती, कोपराने फोन उचलला. आणि खाली बसली. लादीवर, साबणाच्या हातांनी.

स्क्रीनवर एक मुलगी. माझ्याएवढी. मारिव्हिकचंच नाक. तिच्या मागे माझं खोकं, माझी अक्षरं.

मी किचनमध्येच उभी. बाबा आले, त्यांनी मला किचनमधून बाहेर घेतलं, आणि पहिल्यांदाच लॅपटॉप नसताना माझ्याशी बोलले. मारिव्हिकला मुलगी आहे. ग्लेंडा. मारिव्हिकचं पहिलं लग्न इलायात झालं होतं, दोन्हीकडचे लोक विरोधात असताना. ते टिकलं नाही. सासरच्यांनी मुलगी ठेवून घेतली. ही कामाला परदेशात निघाली त्या दिवशी पोरीने सांगितलं, मला परत फोन करू नकोस. मारिव्हिक करत राहिली. तिने कधी उचलला नाही.

"मला का नाही सांगितलं?"

"तू आधीच इतकी... सांगणार होतो."

डिलिव्हरीवाल्याने इलायात विचारलं, हॉलंडच्या मारिव्हिकचं खोकं कुणाचं? सगळ्यांनी एकच घर दाखवलं. चॅपलच्या मागेच आहे. ग्लेंडाने ते दोन आठवडे उघडलं नाही. नुसतं भोवती फिरत होती म्हणे. आज उघडलं.

फोन संपल्यावर मारिव्हिक बाहेर आली. आता बोलेल. आता ओरडेल. मी तयार होते, मला हवंच होतं - मग मी कोट म्हणणार होते, मोठ्याने, तिच्या तोंडावर.

तिने मला मिठी मारली. हात ओलेच. "तू गाव वाचलंस," म्हणाली. "बाबांनी तुला सांगितलं असणार ग्लेंडाचं. मला स्वतःला हिंमत झाली नसती, आनाक. तू माझ्यासाठी केलंस." नानायला सगळं समजावते, म्हणाली, आणि दुसरं खोकं विमानाने पाठवते.

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी काही सांगितलं नव्हतं हे त्यांना माहीत आहे. ते गप्प राहिले. माझ्याकडे बघत.

२२ डिसेंबर

बाबा अजून गप्प आहेत. मी पण. घरात फक्त मारिव्हिक गाते.

२९ डिसेंबर

रोज फोन होतो. ग्लेंडा इथे यायचं म्हणतेय. बाबा म्हणाले, कागदपत्रं करायला वेळ लागेल, पण अठराची व्हायच्या आत करू. तुझ्या खोलीत दुसरा बेड मावेल.

मी एक खोकं चुकीच्या गावाला पाठवलं आणि त्यातून माझ्या खोलीत अख्खी मुलगी येणार. हसू आलं. मग नाही आलं.

४ जानेवारी

ग्लेंडाचा मेसेज. मला एकटीला.

"माझ्या आईचं अक्षर मी ओळखते. हे तू लिहिलंस. आणि तिला न सांगता, कारण माझा पत्ता तिने कधीच लिहिला नसता. तुलाही ती नकोय ना? मी तिच्याशी गोड बोलतेय ते फक्त तिकीट होईपर्यंत. आले की दोघी मिळून बघून घेऊ तिला."

मारिव्हिक दारात उभी आहे, हातात मोजपट्टी. विचारतेय, ग्लेंडाला खिडकीकडची जागा दिली तर तुला चालेल का.

मी फोन उशीखाली सरकवला.