कांताबाईंच्या गिरणीतलं डबडं

मंगळवार, संध्याकाळ. अंबरपेठ.

ऑफिसातून घरी आले तरी हसू जात नाही. कारण काय, तर एक डबडं!

मुखेडकडच्या कांताबाई पिठाची गिरणी चालवतात. मिरची कांडपाच्या मशीनसाठी त्यांना कर्ज हवंय. नावावर जमीन नाही म्हणून आमच्या कर्ज विभागाच्या साहेबांनी फाईल परत केलेली. मीच हट्ट धरला, एकदा फोन तरी करू. साहेबांना मराठी येत नाही, मला येतं, म्हणून दुभाषी मीच.

कमाईचं विचारलं. बाई सांगायला लागल्या, तेवढ्यात मागून आवाज, "तीस रुपये प्राप्त झाले." पुन्हा सुरुवात केली, तर "वीस रुपये प्राप्त झाले." दळणाचे पैसे लोक आता मोबाईलवरून देतात ना, ते ओरडून सांगणारं डबडं.

"ये कौन बोलरा बीच में?" साहेब वैतागले. मी सांगितलं, तसे फोनचा आवाज वाढवून ऐकू लागले.

बाईच ओशाळल्या. "ताई, बंद करू का हो ते डबडं?"

मी तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, "नक्को! चलने दो!"

मग मोबाईलवर जमा झालेल्या पैशांचा हिशेब मागवला, आणि संध्याकाळी कर्ज मंजूर! यापुढे जमिनीआधी हेच बघू म्हणाले. खरंच बघतील? बघतील बहुतेक.

आईला फोन करून सगळं सांगितलं. गावी शिवणकाम करायची तेव्हा तिलाही बँकेनं जमीन नाही म्हणूनच कर्ज न देता परत पाठवलं होतं. ती खळखळून हसली.

"माझी मशीन बी दिवसभर बोलायचीच की गं. तवा ऐकायला तुझा साहेब कुठं होता?"