दार नीट लावायला

सोमवार, ४ मार्च

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ती माझ्यासारखी चालली, आणि सगळं बदललं.

मी सरावाच्या हॉलमध्ये नेहमीच्या कोपऱ्यात, गाणी लावायच्या यंत्रापाशी बसलो होतो. बाईंनी महिन्यापूर्वीच सगळ्यांना बजावलं होतं - सोळा तारखेच्या प्रयोगासाठी प्रत्येकाने पाच मिनिटांचा स्वतःचा नाच बसवायचा, गोष्टीतलं उचलून आणायचं नाही, आपल्या घरातलं आणायचं. आज तिची पाळी. मध्ये आली. डावा खांदा खाली पाडला, नसलेली पिशवी त्यावर टाकली, टाचा आपटत निघाली. हवेतलं दार ओढून आपटलं. थांबली. मग कोणाकडे न बघता दोन पावलं मागे, गुडघ्याने दार जरा उचललं, लावलं.

आधी कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. बाई म्हणाल्या, "अगं, हा तर आपला जमदग्नी."

मी उठलो, पिशवी खांद्यावर टाकली आणि जाताना दार आपटलं. ते मेलं बिजागरीत खाली बसलंय, आपटलं की उलटून परत उघडतं. मागे यावं लागलं. गुडघ्याने उचलून लावावं लागलं. आत काय हशा पिकला!

मंगळवार, ५ मार्च

गेलो नाही. ताईच्या बाहेरच्या खोलीत दिवसभर पंख्याकडे बघत पडलो. ताई म्हणाली, कोणाशी भांडलास? म्हटलं, कोणाशी नाही. म्हणाली, मग तर जास्तच झालं असणार.

बाबांचा निरोपही तिनेच सांगितला. ते माझ्याशी बोलत नाहीत, तिच्यामार्फत बोलतात. मी भांडून सोडलेल्या कॉलेजचे लोक परत घ्यायला तयार आहेत. दुसरं वर्ष पहिल्यापासून, आणि विभागप्रमुखांना माफीचं पत्र. वीस तारखेच्या आत. मी म्हटलं, माफी माझा जोडा मागेल. ताई पोळ्या लाटत होती, लाटतच राहिली. या वाक्याचीही तिला सवय झालीय.

खरं कारण तिला कुठे सांगू? परत गेलो तर *ती* रोज दिसणार नाही. वर्षभर मी या एका कारणावर जगतोय.

गुरुवार, ७ मार्च

गेलो. न जाऊन करणार काय? यंत्राच्या वायरी माझ्याशिवाय कोणाला कळत नाहीत, असं स्वतःला सांगितलं.

ती काही झालंच नाही अशी आली. "तिसरं लाव." लावलं. यंत्रातून धाडकन दार.

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फेब्रुवारीतली ती दुपार! हॉलमध्ये आम्ही दोघंच. तिला दाराचे आवाज हवे होते. ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती, मी दार आपटत होतो आणि टिपून घेत होतो. अजून एकदा. आता रागावून. आता खूप रागावून. तुझ्यासारखं दार कोणाला आपटता येतं, म्हणाली. चाळीस वेळा आपटलं. दंड दुखत होता आणि मी हवेत होतो. याच वहीत त्या दुपारवर चार पानं लिहिलीत. वाचवत नाहीत. फाडवतही नाहीत.

माझं हसं करायला लागणारं सामान मीच हौसेने पुरवलं.

रविवार, १० मार्च

आज विचारलंच. सगळे गेल्यावर ती फरशी पुसत होती. नाचणाऱ्यांनी आपली फरशी आपण पुसायची, हा बाईंचा नियम. दोन दिवस बोलणं घोकून आलो होतो. तोंडातून भलतंच निघालं: "मी काय विदूषक आहे का?"

ती उठली नाही. फडकं पिळलं. मग म्हणाली, तो तू नाहीस.

तिचे वडील घर सोडून गेले तेव्हा ती सात वर्षांची होती. आतल्या खोलीत, पांघरुणात. बघितलं काहीच नाही, फक्त ऐकलं. पावलं, मग दार आपटल्याचा आवाज. मग थोड्या वेळाने दाराशी परत पावलं.

"मला वाटलं, बाबा परत आला. मी उठून बसले. तो फक्त दार नीट लावायला आला होता."

इतकी वर्षं तिच्याकडे फक्त आवाज होता. त्या आवाजात माणूस कसा चालला असेल, खांदा कसा असेल, काहीच दिसत नव्हतं. आणि एक दिवस मी गाण्यांच्या क्रमावरून भांडून निघून गेलो. दार उघडलं, मी परत आलो, लावलं. "तेव्हा पहिल्यांदा दिसला तो मला," म्हणाली.

माझा राग असा हातातून काढून घेतला की कोणीतरी. निघताना ती हळूच म्हणाली, तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं रे. माझ्याकडे तसं काही नाही. शोधून बघितलं.

शोधून बघितलं! एवढं प्रामाणिक कशाला असावं माणसाने?

सोमवार, ११ मार्च

ताईने दोनदा कपाळाला हात लावून बघितला. ताप नाही.

गुरुवार, १४ मार्च

नाच बसत नव्हता. दुसऱ्या फेरीला, ती मागे येते तिथे, अजूनही कोणीतरी हसायचंच. बाई वैतागल्या, म्हणाल्या, ते परत येणं काढूनच टाक. तिचा चेहरा पडला. ते काढलं तर उरतं काय?

मी कोपऱ्यातून म्हटलं, मागे येताना राग नसतो. सगळ्यांनी वळून बघितलं. कान तापले, पण बोललो. आपटलं की तिथेच संपतो तो. पुढे असतो नुसता थकवा, आणि आता परत जावं लागणार याची लाज. खांदा तसाच खाली असतो, कारण तो वर उचलायचं बळ नसतं. आणि दाराचा दुसरा आवाज मी फार लवकर देतोय. तिला थांबायला जागाच नाही. मधे चार श्वास हवेत.

बाई म्हणाल्या, "करून दाखव."

आयुष्यात कधी नाचलो नाही. हॉलच्या मध्ये जाऊन मी माझ्याचसारखा चाललो. काय अवघड असतं ते! तिने बघितलं. मग केलं. कोणी हसलं नाही. प्रकाशयोजनेचे काका शिडीवरून खाली उतरून उभे राहिले, एवढंच.

शनिवार, १६ मार्च

प्रयोग झाला. थिएटर भरलं होतं.

पहिलं दार. लोक हसले, हसू देत. मी श्वास मोजले. एक, दोन, तीन, चार. बोट बटणावर. मग पावलं, माझीच, चपलांची, काल टिपून घेतलेली. ती ऐकून तिने मान वर केली. तेवढ्या क्षणापुरती ती जाणारी राहिली नाही, पांघरुणातली मुलगी झाली. तोंड असं उजळलं की मला दुसरीकडे बघवेना.

या उजळलेल्या तोंडासाठी मी वर्ष घालवलं. माझ्याच पावलांनी उजळलं. माझ्यासाठी नाही.

मग मी बटण दाबलं. दार लागलं. थिएटरात कोणी खोकलंसुद्धा नाही.

रविवार, १७ मार्च

बाबांना फोन केला. म्हणाले, जेवलास का? म्हटलं, हो. म्हणाले, बरं.

सोमवार, १८ मार्च

बारा गावांतून प्रयोगाची बोलावणी आली. बाई म्हणाल्या, तू बरोबर चल. तीही म्हणाली. म्हणाली, "ते चार श्वास दुसऱ्याला जमायचे नाहीत."

महिन्यापूर्वी हे ऐकून मी हॉलभर उड्या मारल्या असत्या. एकाच गाडीतून प्रवास, एकाच टेबलावर चहा, रोज संध्याकाळी ती माझ्या पावलांकडे मान वर करणार. आणि रोज मी कोणा तिसऱ्याच्या वतीने येणार, दार लावणार, जाणार. विचारानेच अंग मोडून आलं. सांगतो म्हटलं.

रात्री पत्र लिहिलं. माफी या शब्दाला फार जागा लागत नाही.

मंगळवार, १९ मार्च

सकाळी लवकर हॉलवर. दाराच्या वरच्या बिजागरीचे तीनही स्क्रू ढिले, भोकं पसरलेली. वर्षभर सगळे गुडघ्याने उचलत राहिलो, कोणी हात लावला नाही. भोकांत काडेपेटीच्या काड्या कोंबल्या, स्क्रू परत पिळले.

ती आली, सरावाला उभी राहिली. मी आवाजांची वही यंत्रावर ठेवली, वेळा आणि श्वासांसकट. कॉलेजात नेऊन द्यायचं पत्र खिशात. पिशवी उजव्या खांद्यावर घेतली. ती पाठमोरी होती. बाहेर आलो, मूठ धरून सावकाश ओढलं.

दार एकदाच लागलं.