मुरंब्याची बाटली

२० फेब्रुवारी
आले एकदाची कुणकेश्वरला. कणकवलीत आमच्या फ्लॅटखाली रस्ता खोदलाय आणि डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहायला सांगितलंय. हे गेले तरी ह्यांच्या मावशीने, माईंनी, मला सोडलं नाही. स्वतः येऊन घेऊन आल्या. खिडकीतून समुद्र दिसतो. डोक्यावर केस नाहीत, त्यामुळे वाऱ्याने विस्कटायची चिंता मिटली.

तिसऱ्या केमोला आठ दिवस झाले. दंडातल्या नळीतून औषध थेट रक्तात जातं. ती नळी एक दिवसाआड सलाइनने धुवायची, हे मला शिकवलंय. बाटली फोडली की उरलेलं टाकून द्यायचं, असंही बजावलंय. शंभरातलं दहा मिली लागतं. नव्वद कोण टाकणार? मुरंब्याची बाटली उकळून त्यात भरलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं.

जूनमध्ये गौरजाचं लग्न. लेकीवर अक्षता टाकायला मला उभं राहायचंय. बाकी काही मागणं नाही.

२४ फेब्रुवारी
पांढऱ्या पेशी सहाशेवर आल्या. डॉक्टर म्हणाले, अपेक्षितच आहे, पण ताप आला तर तडक निघा. माईंनी पेज केली होती, ती पोटभर जेवले.

२६ फेब्रुवारी
महाशिवरात्र. माई पहाटेच यात्रेला जाऊन तीर्थ घेऊन आल्या. मला कच्चं पाणी चालत नाही, म्हणून नाही म्हटलं. माई तीर्थ घेऊन तशाच आत गेल्या. तेच मला लागलं.

२७ फेब्रुवारी
नळी धुतली. अर्ध्या तासाने अशी हुडहुडी भरली की दात वाजायला लागले. तीन गोधड्या घेतल्या. संध्याकाळी आपोआप थांबली. समुद्राचा वारा बाधला असणार. दंड स्वच्छ आहे, लाली नाही, पू नाही. गौरजाला कळवलं नाही.

१ मार्च
धुतली. बरोबर अर्ध्या तासाने पुन्हा तेच. ताप एकशे तीन. डॉक्टरांना फोनवर सांगितलं की पू नाही. ते म्हणाले, पू व्हायला पांढऱ्या पेशी लागतात, त्या तुमच्याकडे नाहीतच. लगेच निघा.

पिशवी भरताना बाटली हातात घेतली. इतके दिवस वापरूनही गळ्यापर्यंत भरलेली. तळाशी बेलाच्या पानाचा तुकडा.

माईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “तू पियाक नाय म्हणालंस. देवाचा पाणी थेट रगतात गेला तर बरा होतला, म्हणान घातलंय गो.”

खूप भीती वाटली.

२ मार्च, हॉस्पिटल
नळी काढली. रक्तात जंतू सापडले. तीन औषधं चालू — ताप हटत नाही. सलाइनमध्ये काय गेलं, विचारतात. शिळं होतं म्हटलं.

३ मार्च
पेशी दोनशे. लढायला अंगात कुणीच नाही. माई पायाशी उभ्या राहून हळू आवाजात गाऱ्हाणं घालतायत — “बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक —” गाऱ्हाण्याला होकार द्यायला कुणीतरी लागतं. खोलीत दुसरं कुणी नाही. मीच म्हटलं, व्हय म्हाराजा.

४ मार्च
बीपी लागत नाही. बोटं काळी — पेन धरवत नाही —

गौरजा वाटेत आहे. पोचायला संध्याकाळ.

गौरजा, बाटलीचं विचारलं तर माईंचं नाव घेऊ नकोस. लग्नात माझ्या जागी त्यांना — त्यांनाही कशाने झालं ते कळू देऊ नको. पाणी मीच ठेवलं होतं, मीच त्यात —