डावीकडं झुकलेली जीप

९ नोव्हेंबर

लग्नाला म्हणून नेलेली जीप नवनाथभाऊजींनी आज परत आणली. ओळखूच आली नाही. खालून गाडी उंच करायचं लिफ्ट किट बसवलंय, टायर ट्रॅक्टरसारखे. दाराची खालची कड माझ्या कमरेला लागते. मला विचारलं नाही. धाकट्या दिरानं वहिनीला काय विचारायचं! आणि गाडी तरी कुणाची, तर गेलेल्या माणसाची. कागदावर अजून ह्यांचंच नाव.

गल्लीतली पोरं फोटो काढायला जमली. सासूबाईंनी नारळ फोडला. हे गेल्यापासून ह्याच गाडीत मी वस्तीवरच्या बाया अन् त्यांच्या शेळ्या बाजाराला नेते. घर त्यावर चालतं. तेव्हा कधी कुंकवाचं बोट लागलं नाही गाडीला.

११ नोव्हें.

शिरूरचा बाजार. शेळ्या उचलून आत टाकाव्या लागल्या. बाया दुधाच्या क्रेटवर पाय देऊन चढल्या. मलाही तसंच. वस्तीवरची म्हातारी गजराबाई बसल्या बसल्या म्हणाली, "बाई, तुजी गाडी लंगडती गं."

खरंय. डावी बाजू खाली. सपाट रस्त्यावर पाण्याची बाटली घरंगळून डाव्या दाराशी जाते. स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी कडेला ओढते. खांदे भरून आले.

भाऊजींना सांगितलं. "बसंल हळूहळू. नवं हाय. तुमाला कावून घाई?"

१४ नोव्हें.

आज दुसऱ्या गावच्या बाजारात गजराबाई पडली. उतरताना क्रेट सरकला. मी पुढून वळसा घालून येईस्तोवर बाई खाली. मनगट मोडलं. बीडला नेलं, प्लास्टर घातलं. वाटभर कण्हली नाही. शेळी कुणाकडं दिली, तेवढंच विचारत होती.

घरी आले तर तिचा लेक दारात. "गाडी बायांसाठी हाय का पोरायच्या मिरवणुकीसाठी?" भाऊजी आत होते. टीव्हीचा आवाज वाढवला. ऐकून मी घेतलं.

सासूबाई, तो गेल्यावर: "म्हातारीनं बघून उतरायचं ना."

१५ नोव्हें.

भाऊजींना म्हणाले, हे काढा, जुने स्प्रिंगचे पाटे परत बसवा.

"भंगारात दिले."

"कुणाला विचारून?"

"वहिनी, दादाची गाडी हाय ती. दादा माझा बी होता."

होता. दवाखान्यात ह्यांच्या उशाशी कोण बसलं होतं अन् कोण जिल्हाभर बॅनर लावत फिरत होतं, ते... जाऊ दे.

१८ नोव्हें.

गाडी घेऊन कडा गावाला गेलते, ह्यांच्या ओळखीच्या मिस्त्रीकडं. साखर कारखाना चालू, मिस्त्रीच्या दारात दुरुस्तीला उसाच्या ट्रॉल्या. आज काय, या महिन्यात जमणार नाही म्हणाला. पण वाकून बघितलं. डावी बाजू दबलेली असतानाच पाट्याचे नट आवळलेत, त्यानं पाट्याच्या टोकाचं बुशचं रबर पिळलंय, म्हणून डावी बाजू उचलत नाही. गाडी जमिनीवर उभी ठेवून नट ढिले करा, हलवा, तिला तिच्या वजनानं बसू द्या, मग आवळा. तरी उंची कमी भरली तर पाट्यात घालायला एक पान, म्हणजे पोलादी पट्टी, दिली. "एकटीनं करू नका ताई. दोन माणसं लागतात."

दुसरं माणूस कोण आहे मला?

२१ नोव्हें.

केलं. भाऊजींबरोबरच केलं.

मी विचारलं नव्हतं. मी अंगणात नट-बोल्टचे पाने मांडत होते, ते येऊन उभे राहिले, बाह्या वर केल्या. मी शिलाईची टेप घेतली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डापर्यंत मापलं. डावीकडं उजवीपेक्षा दोन बोटं कमी. नट ढिले केले, दोघांनी बंपरवर जोर देऊन गाडी दाबली, सोडली, दाबली. कुरकुरली आणि वर आली. तरी बोटभर कमी. मग जॅक, खाली लाकडी ठोकळे, पाटा सोडला, पान घातलं. भाऊजी खाली, मी वरून पाना देतेय.

खालून म्हणाले, "दादा असता तर तासात केलं असतं."

"ते असते तर तुमी गाडीला हात लावला असता का?"

खालून पाना वाजायला लागला.

गाडी जमिनीवर टेकवली, शेवटचे नट आवळले. परत मापलं. दोन्ही बाजू सारख्या. मी टेप तशीच धरून हसले. तेही हसले. तोंडाला सगळं ग्रीस. हसताना अगदी ह्यांच्यासारखे दिसतात. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

हात धुताना म्हणाले, "आता सरळ झाली गाडी. माझ्या नावावर करून टाकू. तुमी एक सही द्या. बाईमाणसानं किती दिवस शेळ्या वाहायच्या? लोक मला बोलतेत."

म्हणजे एवढ्यासाठी बाह्या वर केल्या होत्या.

मी चहा टाकला. त्यांनाही दिला. का दिला?

२३ नोव्हें.

बाजार. गाडी सुतासारखी सरळ चालते. रस्ताभर एका हातानं धरली.

वस्तीवर हॉर्न दिला. कुणी आलं नाही. बाया आता दुसऱ्याच्या टेम्पोनं जातात. टेम्पोवाला खाली फळी लावतो, शेळ्या आपल्या पायांनी चढतात. गजराबाई दारात बसलेली, हात गळ्यात. "तुज्यावर राग न्हाई गं. पण गाडी लई उंच झाली आता."

रिकामी परत.

२५ नोव्हें.

जेवताना सासूबाई: "दे त्याला सही. गिऱ्हाईक बी न्हाई आता तुला." जसं काही गिऱ्हाईक मीच घालवलं. भाऊजी खाली मान घालून भाकरी मोडत होते.

म्हटलं, सही देणार नाही. ह्यांनी मला शिकवली गाडी, शिरूरच्या रस्त्यावर, लोक हसत होते तेव्हा.

"मग ऱ्हा तुज्या गाडीत," म्हणाल्या.

२६ नोव्हें.

सकाळी भाऊजी किल्ली मागायला आले. नांदूरघाटला कुणाचा तरी सत्कार, मिरवणुकीत जीप सगळ्यात पुढं पाहिजे. म्हटलं, चला, मी चालवते.

"बाई चालवणार? माझी काय इज्जत ऱ्हाईल बे तिथं!" मला बे म्हणाले. पहिल्यांदा.

किल्ली दिली नाही. तर बाहेर जाऊन गाडीत चढून बसलेत, स्टिअरिंग धरून. हॉर्न वाजवतायत. सासूबाई चहा घेऊन गेल्या. खिडकीपर्यंत त्यांचा हात पुरत नाही, आणि हा वाकून घेत नाही. कप धरून उभ्या आहेत तशाच. मला दारातून दिसतंय.

किल्ली पदराला बांधलीय. तव्यावर भाकरी आहे. परत हॉर्न.

आता सासूबाई मला हाक मारतायत. एरवीसारखं 'अगं' नाही. नावानं.