ढोरकातळावरचे पाच देव

कडाव, मंगळवार

तीर्थरूप येसाजीदादास, कडावहून धाकट्या बहिणीचा, जयवंताचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं मनानेच ठेवलंय असं समज. खरोखर ठेवलं तर मला उचलायला रसायनीतली चार माणसं लागतील.) तुझा खोकला कसा आहे? वहिनी अजून काढा देते का, की आता तीही कंटाळली? इकडे वाल फुलावर आलाय, म्हैस दुधाला आहे आणि मी ठणठणीत आहे. हे शेवटचं सिद्राने मला दोनदा विचारून मग लिहिलं. सिद्रा म्हणजे आपल्या झोहराची सून, बाजारात लोकांचे फॉर्म भरून देते ती. अक्षर सुरेख आहे म्हणतात. मला काय, कागदावर मुंग्या चालल्यासारखंच दिसतं. फोन केला असता, पण तुझा फोन असतो तुझ्या सुनेच्या हातात, ती त्याचा आवाज मोठा करून ठेवते, आणि तुझी सून नि माझी सून पडल्या मैत्रिणी. मी इकडे शिंकले तर रसायनीला वळसा घालून ती शिंक कर्जतला माझ्या मुलाच्या घरी पोचते. तू चौथी शिकलास ना, मग हे तूच वाच, मनातल्या मनात.

दिवाळीत मी गोठ्यात पडले ते तुला कळलंच असेल. म्हशीने ढकललं म्हणून मी सांगितलं. (म्हैस बिचारी तेव्हा बाहेर बांधलेली होती, पण तिला कोण विचारतंय!) तेव्हापासून प्रवीणने धोशा लावलाय, की आई, म्हैस विक, कडावच्या घराला कुलूप घाल आणि कर्जतला आमच्याकडे चौथ्या मजल्यावर राहायला ये. सुप्रियाने तर माझ्या खोलीच्या खिडकीचं माप घेऊन पडदेही शिवले. पडदे फुलाफुलांचे आहेत, चांगले आहेत, नाव ठेवायला जागा ठेवली नाही बाईने. मी तो नवा फ्लॅट अजून पाहिलेला नाही. वास्तुशांतीलासुद्धा गेले नाही, गेले तर ठेवूनच घेतील. सुप्रियाने फोन फिरवून खोली दाखवली, तर खिडकीतून दिसते समोरच्या इमारतीची खिडकी, आणि तिलाही पडदा. मी तिथे करू काय रं? माझा जीव एका जागी ठरत नाही. आत्तासुद्धा हे पत्र सांगताना मी सिद्राच्या दुकानात तीन वेळा उठले, एकदा तिचं झाडूनही काढलं, आणि ती म्हणते आजी बसा, मला वाक्य सापडत नाही. तर मी प्रवीणला म्हटलं, माझे पाय चालतात तोवर मी कडाव सोडणार नाही. तो म्हणाला, चालतात कुठे? मी म्हटलं, दाखवते.

चालून दाखवायची जागाही त्यांनीच काढली. तू नि मी गुरं घेऊन जायचो तो ढोरकातळ आता राखीव जंगल झालाय. खाली कमान आहे, तिकिटाची खिडकी आहे आणि भलीमोठी पाटी आहे. नातीने, म्हणजे जयाने, ती वाचून दाखवली : सहकुटुंब फिरण्यासाठी सोपी पायवाट. पाटीवर चित्र काढलंय. त्यात बाप आहे, आई आहे, दोन पोरं आहेत, एक ससासुद्धा आहे. म्हातारी नाही. मला वाचता येत नसलं तरी एवढं कळतं. अट अशी ठरली, की मी कोणाचा हात न धरता, दम खायला न बसता आणि ‘दमले’ न म्हणता वरच्या सपाट कातळापर्यंत जायचं नि खाली यायचं. जमलं तर मी, म्हैस आणि कडाव. नाही जमलं तर संक्रांतीच्या आत पडद्यामागे.

पहिल्या वळणापर्यंत मी सगळ्यांच्या पुढे होते, हे नीट ध्यानात घे. वळणावर डावा गुडघा बोलायला लागला. (उजवा कमानीपासूनच बोलत होता.) बसावं तर हरले, उभं राहावं तर पडले. तेवढ्यात मला आपली खिंड आठवली. खिंडीतल्या देवाला दगड नि हिरवा पाला वाहिल्याशिवाय आपण कधी पुढे पाऊल टाकलं नाही, आणि हे प्रवीणला मी लहानपणापासून ऐकवलेलं आहे. मी मोठ्याने म्हटलं, थांबा रं, इथे माझ्या माहेरचा देव आहे! चार दगड एकावर एक ठेवले, वर करवंदीची डहाळी खोचली, आणि देवापुढे बसून डोळे मिटले. देवापुढे बसलेल्या बाईला ऊठ कोण म्हणणार? प्रवीणने तर बूट काढले. ते बूट नाडीचे, सोडायला वेळ, बांधायला त्याहून जास्त, तोवर माझा श्वास जागेवर आला. देवाचं नाव काय, त्याने विचारलं. मी म्हटलं, दमाई. (दम लागला होता, तेच तोंडात आलं.)

मग काय, वाटच सापडली. दुसरा देव ऐनाच्या झाडाखाली निघाला, तिसरा पायऱ्यांच्या मधोमध. प्रत्येक ठिकाणी प्रवीण बूट काढतोय, हात जोडतोय. तिसऱ्याला जया म्हणाली, “आजी, देव सगळे चढावरच कसे गं? सपाटीला एक पण नाय.” मी तिला म्हटलं, तू पुढे बघून चाल. सुप्रियाने माझ्याकडे बघितलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. मी चार थेंब देवाला घातले आणि उरलेली रिकामी केली. चौथ्या चढाला ऊन फार होतं नि सावली वाटेपासून वीस पावलं बाजूला, म्हणून चौथा देव बाजूच्या सावलीत सापडला. पाचवा अगदी वरती, कातळाला हात लागता लागता. वर पोचले तेव्हा खाली भाताची रिकामी खाचरं, वालाचे हिरवे तुकडे नि माझी कौलं दिसली. मी प्रवीणला म्हटलं, ते बघ आपलं घर. तो म्हणाला, कुठलं गं? त्याची इमारत त्याला लगेच सापडली होती.

उतरताना घात झाला. चौथ्या देवापाशी गलका ऐकू आला. हल्ली डोंगर चढणारे लोक वाट कळावी म्हणून दगडांवर दगड रचतात म्हणे. मला काय माहीत? मागून आलेलं ठाण्याकडचं एक कुटुंब माझे देव बघत बघत वर आलं, चौथ्याच्या मागे वाट सोडून सावलीत गेलं आणि तिथून सरळ करवंदीच्या जाळीत. आजोबा ओरडतायत, पोरं रडतायत, एका बाईची ओढणी काट्यात अडकलेली. दादा, मला फार लाज वाटली. मी जाऊन ती ओढणी एकेक काटा काढून सोडवली, एक धागा तुटू दिला नाही. तोवर तिथला राखणदार शिटी फुंकत आला. पोशा त्याचं नाव, वरच्याच वाडीतला. त्याने सगळ्यांना वाटेवर आणलं आणि विचारलं, हे दगड कोणी रचले? मी आभाळाकडे बघितलं. आमच्या प्रवीणने छाती पुढे काढून सांगितलं, आमच्या आईच्या माहेरचे देव आहेत, फार जुने.

“जुने?” पोशा म्हणाला. “मी ह्याच डोंगरावर जल्मलो. माझा आजा बी हितलाच. आमाला कसे ठाव नाय?”

झालं, म्हटलं, चालले मी चौथ्या मजल्यावर. पोशाने दगडांकडे बघितलं, शेजारच्या बसक्या धोंड्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. दगड सारखे करायच्या निमित्ताने वाकला आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाला, “आजे, डावा का उजवा?”

“दोनी,” मी म्हटलं.

तो उठला, घसा खाकरला आणि प्रवीणला म्हणाला, “हायत. आजा सांगायचा खरा. पन देव असे आडबाजूला मांडायचे नसतात, मानसं चुकतात. ह्यो मी हलवतो. आनि उतरताना बी समद्यांपुढं टेकायचं आसतं, नायतर कोपतात.” असा मुलगा माझ्या पोटी का आला नाही, असं क्षणभर वाटून गेलं. (हे सिद्रा लिहीत नव्हती, मी लिहायला लावलं.) मग मी चारही देवांपुढे टेकत टेकत, कोणाचा हात न धरता, एक अक्षर न बोलता कमानीबाहेर आले. प्रवीण म्हणाला, जिंकलीस आई, रहा कडावला. सोमवारी मी अंथरुणातून उठले नाही ते फक्त म्हशीला माहीत आहे.

वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. इथे आवरतं घेते, सिद्राच्या दारात आधारकार्डवाल्यांची रांग लागलीय आणि ते सगळे माझ्याकडे बघून हसतायत.

तुझी,
जयवंता

ता. क. पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. प्रवीणने देव फारच मनावर घेतलेत. आता दर अमावास्येला तो मला पाची देवांना नारळ द्यायला वर नेणार आहे. रजाही टाकून ठेवलीय, सुप्रियाने माझ्या मापाचे बूट आणलेत. पुढची अमावास्या नऊ दिवसांवर आहे. तू माहेरचा वडीलधारा, तेव्हा त्याला जरा दरडावून सांग, की आपले हे देव बारा वर्षांतून एकदाच नारळ घेतात आणि यंदाचा त्यांना पोचला.

दुसरं ता. क. प्रवीण ऐकलाच नाही, तर बोलता बोलता सहज विचारून घे, त्याच्या इमारतीला लिफ्ट आहे का, आणि असेल तर आत बसायला काही ठेवलंय का. मी विचारलं असं सांगू नकोस.