पेचाचा जॅक आपोआप खाली बसत नाही

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
पोलीस ठाणे, बोरदरा फाटा,
जि. अहिल्यानगर

अर्जदार : पुष्पावती रंगनाथ वारे, वय ७३, रा. वारे गॅरेज, बोरदरा फाटा

विषय : माझा मुलगा कै. हनुमंत याच्या मृत्यूच्या पंचनाम्यातील एक चुकीची ओळ दुरुस्त होऊन मिळणेबाबत. (अर्ज सातवा)

संदर्भ : आपले पत्र क्र. ४१८, दि. ११/०८/२०२५, ज्यात ‘कार्यवाहीची आवश्यकता वाटत नाही’ असे कळविले आहे.

महोदय,

वरील विषयी सविनय अर्ज सादर करते की, आधीचे सहा अर्ज मी टायपिंगवाल्याकडून लिहून घेतले होते. त्याने माझं सगळं बोलणं गाळलं आणि ‘तरी मेहेरबान साहेबांनी’ तेवढं ठेवलं. म्हणून हा अर्ज माझ्या हातानं लिहिते. चौथीतून शाळा सुटली. अक्षर वाकडं आहे, पण रेघ सोडून जात नाही.

१. हनुमंत दि. ४/१०/२०२२ रोजी आमच्या गॅरेजसमोर ट्रकखाली दबून वारला. पंचनाम्यात लिहिलं आहे की, ‘मयताने स्वतःचा जुना, झिजलेला पेचाचा जॅक लावला व तो अचानक खाली बसल्याने, मयताच्याच हयगयीमुळे, अपघात घडला.’ माझं भांडण या एका ओळीशी आहे. दुसरं काही मागत नाही.

२. साहेबांना जॅकची माहिती नसावी, म्हणून थोडं लिहिते. राग नसावा. माझे सासरे कै. बन्सी वारे यांनी या रस्त्यावर पहिलं गॅरेज घातलं. तेव्हा गाडी उचलायची म्हणजे बाभळीचा वासा आणि दहा माणसं. वासा गाडीखाली घालून दगडावर टेकवायचा आणि दुसऱ्या टोकाला दहाजणांनी लोंबकळायचं. एकाला शिंक आली की गाडी खाली. मग दात्यांचा जॅक आला. त्याची खिटी निसटली की दांडा उलटा फिरून तोंडावर यायचा. सासऱ्यांचे पुढचे तीन दात त्यातच गेले. माझ्या लग्नात मला वाटलं म्हातारा हसतोय. पुढे मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या सामानाचा नगरला लिलाव झाला, त्यात त्यांना हा पेचाचा जॅक मिळाला. बिडाचा, घागरीसारख्या बुडाचा, आत मनगटाएवढा पेच. त्याच्या डोक्यात टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून फिरवायचा. चढायला गोगलगाय आहे, पण जिथं थांबवला तिथं थांबतो. उलटा फिरवल्याशिवाय केसभर खाली येत नाही. बसतो तो तेलाचा जॅक. त्याच्या पोटातलं रबर फाटलं की तेल सुटतं आणि गाडी अंगावर येते. सासरे म्हणायचे, ‘तेलाचा जॅक म्हंजी जावई, कवा रुसून बसंल सांगता येत न्हाई. पेच म्हंजी घरची सून, किती पिळा, जागा सोडत न्हाई.’ हे ते माझ्याकडे बघून म्हणायचे.

तर मुद्दा असा की, पेचाचा जॅक अचानक खाली बसतच नाही. ज्याने ती ओळ लिहिली त्याने जॅक फिरवून पाहिला नाही.

३. घडलं ते असं. त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्यात त्या दिवशी पाने, हातोडे, चेनकप्पी आणि उचललेल्या गाडीला टेकू द्यायच्या घोड्या, सगळं धुऊन चौरंगावर मांडतात. हळदकुंकू वाहतात. दसरा उजाडेपर्यंत अवजाराला कोणी हात लावत नाही. दुपारी ऊसतोडीची टोळी घेऊन निघालेला ट्रक आमच्या दारात येऊन बसला. मागच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला होता. ड्रायव्हरला घाई. त्याने स्वतःचा तेलाचा जॅक काढला. माणसं खाली उतरली, हनुमंत ट्रकखाली गेला आणि जॅक बसला. टोळीचा मुकादम रामहरी आमच्या घरात धावला, चौरंगावरचा पेचाचा जॅक फुलांसकट उचलून नेला, ट्रक वर घेतला आणि हनुमंतला ओढून काढलं. म्हणजे ज्या जॅकने ट्रक त्याच्यावरून उचलला, त्यालाच आपण आरोपी केलं. पोलीस आले तेव्हा ट्रकखाली तोच उभा होता, म्हणून तोच जप्त. तेलाचा जॅक ओढून नेलेल्या ट्रकसोबत संध्याकाळीच गेला.

४. रामहरीचा जबाब घ्या म्हटलं, तर तो ऊस तोडायला गेला होता. तो उन्हाळ्यात परत आला तेव्हा प्रकरण बंद झालं होतं. उघडा म्हणून अर्ज केला, तो टेबलावर पोचेपर्यंत पुन्हा ऊस तयार झाला. अशा तीन सालांच्या मोळ्या बांधून झाल्या.

५. जॅकवरचे लालपिवळे डाग रक्ताचे समजून तपासणीला पाठवले होते. अकरा महिन्यांनी उत्तर आलं की रक्त नाही, हळद व कुंकू आहे. मी म्हटलं, आता सरकारनेच सांगितलं! ट्रकखाली घालायच्या जॅकला कोणी हळदकुंकू लावतं का? तो पूजेतून आला होता हे यातच दिसतं. हवालदार म्हणाले, ‘आजी, लोक कशालाबी लावत्यात.’ मग म्हटलं, ठाण्याच्या जीपखाली लावून आठ दिवस ठेवा, दोराभर जरी खाली आला तर मी पुन्हा पायरी चढणार नाही. तर जीप सरकारी आहे, तिला खाजगी जॅक लावता येत नाही. हे ज्या खुर्चीतून सांगितलं तिचा चौथा पाय विटेवर आहे.

६. जॅक परत मागितला तर खरेदीची पावती आणा म्हणाले. लिलाव करणारा गोरा साहेब पावती घेऊनच विलायतेला गेला असावा. आता आपल्या पत्रातून कळलं की बिनवारस सामान म्हणून तो जुलैतच भंगारात निघाला. मी सहा वेळा येऊन गेले, तरी तो बिनवारस. अख्ख्या जिल्ह्याचं नाव बदलून झालं, पाट्यासुद्धा रंगवून झाल्या. एका पंचनाम्यातली एक ओळ मात्र बदलता येत नाही, तशी तरतूद नाही.

७. मागच्या सहा अर्जांत एक गोष्ट लिहिली नव्हती, ती आता लिहिते. ड्रायव्हरने तेलाचा जॅक काढला तेव्हा हनुमंत आधी घरात आला होता. दारात उभा राहून म्हणाला, ‘आई, पेचाचा दे, आन दोन घोड्या. त्याच्या जॅकचा मला भरवसा न्हाई.’ मी म्हटलं, ‘पूजेतलं अवजार उचलायचं न्हाई. उद्यापत्तुर थांब म्हनावं त्यांना.’ तो म्हणाला, ‘रस्त्यावर बायाबापड्या हायेत, तान्ही लेकरं हायेत.’ मी म्हटलं, ‘मग तुजं तू बघ.’

यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

तर साहेब, तो हयगय करणारा नव्हता. त्याला कळत होतं आणि त्याने मागितलं होतं. सरकारी कागदाला हयगयीचा रकाना मोकळा ठेवता येत नसेल, तर तिथून त्याचं नाव काढून माझं घालावं. मी कुणापुढे चुकले म्हणाले नाही, सासऱ्यांपुढेही नाही. इथे सही करायला तयार आहे.

८. आज घट बसले. पुढच्या बुधवारी खंडेनवमी. दोन सालं चौरंगावर जॅकची गोल जागा मोकळी ठेवत होते, परत येईल म्हणून. आता कुणी तो वितळवलाही असेल. या अर्जाचंही उत्तर मागचंच येईल, हे मला ठाऊक आहे. पण आवकच्या खिडकीत शिक्का मारावाच लागतो. शिक्का बसला की हा कागद सरकारी होतो. हनुमंतने जॅक मागितला होता, एवढं तरी एका सरकारी कागदावर राहील. एक प्रत शिक्का मारून मला परत द्यावी. ती घेतल्याशिवाय मी खिडकीवरून हलणार नाही.

आपली कागदापुरती नम्र,

पुष्पावती रंगनाथ वारे
दि. २२/०९/२०२५

सोबत :
१) पंचनाम्याची प्रत. ती ओळ लाल शाईने दाखवली आहे.
२) हळदकुंकवाच्या तपासणीचा अहवाल.
३) रामहरी मुकादमाने अंगठा दिलेला कागद.
४) जॅकची टॉमी. जप्तीत घ्यायची राहून गेली होती. जोडलेली नाही. ती घरी चौरंगावर आहे.